लांडगा हरवू नये म्हणून : यंग ॲडल्ट वेअरवुल्फ कथेत प्रेमत्रिकोण कसा बांधावा

पहिली पन्नास पानं जंगलाची असतात. रात्री लांबून येणारं ओरडणं, दंडावरचा न भरणारा ओरखडा, पौर्णिमेच्या आधी दोन दिवस घरात कुणाच्याच घशाखाली घास न उतरणं. मग वर्गात दुसरा मुलगा येतो. तिथून पुढे नायिकेने कुणाच्या मेसेजला उत्तर दिलं नाही, ती कुणाच्या गाडीवर बसली, कोण दुखावलं, यातच दोनशे पानं जातात आणि लांडगा थेट शेवटच्या मारामारीला हजर होतो. या कादंबऱ्या मनापासून वाचणाऱ्यांच्या हे चांगलंच ओळखीचं आहे.

यावर सहसा मिळणारा सल्ला म्हणजे त्रिकोण काढून टाका. मला तो पटत नाही. आपला जीव कुणावर जडतो हा सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला खराखुरा प्रश्न वाटतो, आणि तो खरा असतोच. शिवाय वेअरवुल्फच्या, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाच्या, कथेतला त्रिकोण आठशे वर्षांहून जुना आहे. कथा बिघडते ती लांडग्याशी काडीचाही संबंध नसलेल्या त्रिकोणामुळे. तुम्ही प्रतिलिपीवर भाग टाकत असा, वॉटपॅडवर लिहीत असा किंवा वहीत पहिला खर्डा करत असा, खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीसाठी आहेत : प्रेमातला पेच लांडग्याच्या अंगातून निघाला पाहिजे.

पहिली पायरी : लांडगा खोडून पाहा

लिहायला बसण्याआधी कथेचा सारांश आठ-दहा ओळींत मांडा. मग त्यातला 'लांडगा' शब्द खोडा आणि तिथे दुसरं काहीही ठेवा : श्रीमंत बाप, गाडीचं वेड, परगावी मिळालेला प्रवेश. आता पुन्हा वाचा. नायिकेची ओढाताण जशीच्या तशी उभी राहिली, तर लांडगा नुसता रंगवलेला पडदा आहे. ओढाताण कोसळली, तिला अर्थच उरला नाही, तर तुमचा पाया पक्का आहे.

या कसोटीला उतरणारी एक फार जुनी कथा बाराव्या शतकातली आहे. मारी द फ्रान्स या कवयित्रीने लिहिलेली 'बिस्क्लाव्हरे'. एक सरदार दर आठवड्याला तीन दिवस नाहीसा होतो. बायको लाडीगोडी लावून विचारते, तेव्हा तो सांगतो की मी लांडगा होतो, आणि त्या वेळी उतरवलेले कपडे एका जुन्या देवळापाशी पोकळ दगडात लपवतो. ते कपडे गेले तर मला पुन्हा माणूस होता येणार नाही. बायको हादरते. तिच्यावर कधीपासून जीव टाकणारा एक शूर सरदार असतो, त्याला ती निरोप धाडते, त्याच्याकरवी कपडे पळवते आणि त्याच्याशी लग्न करते. नवरा रानात लांडगा होऊन अडकतो. पुढे राजा शिकारीला येतो, हा लांडगा त्याच्या पायाशी लोळण घेतो, दरबारात पाळीव जनावरासारखा राहतो. पण त्या सरदाराला पाहताच अंगावर धावून जातो, आणि बायको समोर आल्यावर तिचं नाक तोडतो.

इथे लांडगा काढा. काय उरतं? नवरा, बायको, प्रियकर, आणि एक बेचव फसवणूक. त्या कथेचा सगळा जीव कपड्यांच्या गाठोड्यात आहे. प्रियकर निवडणं आणि नवऱ्याला कायमचं जनावर करून ठेवणं या दोन गोष्टी तिथे एकाच कृतीत घडतात. तुमच्या कथेतही असं गाठोडं शोधा. जिच्यामुळे एकाला 'हो' म्हणताच दुसऱ्याचं शरीरच बदलतं अशी वस्तू, जागा किंवा अट. ती सापडेपर्यंत पहिलं प्रकरण लिहू नका.

दुसरी पायरी : ज्या मालिकेने हा साचा रूढ केला, ती नीट वाचा

स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' मालिका २००५ ते २००८ या काळात चार खंडांत आली. दुसऱ्या खंडात, २००६ मध्ये, जेकब ब्लॅकचं लांडग्यात रूपांतर होतं, आणि पुढे जगभरचे वाचक नायिका बेलाच्या दोन प्रियकरांवरून, व्हॅम्पायर एडवर्डच्या आणि जेकबच्या बाजूने दोन तट करून भांडले. तेव्हापासून 'एक थंड, एक तापट' अशा जोड्यांची रीघ लागली. या मालिकेवर सरसकट टीका करणाऱ्यांनी ती लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचावी, असं मला कळकळीने वाटतं. कारण चांगलं काय आणि वाईट काय, दोन्ही तिच्यातच सापडतं.

चांगलं : तिसऱ्या खंडातला तंबूचा प्रसंग. डोंगरावर बर्फाचं वादळ, बेला थंडीने काकडते आहे. एडवर्ड व्हॅम्पायर असल्याने त्याचं अंग दगडासारखं गार. त्याने जवळ घेतलं तर ती आणखी गारठेल. जेकबच्या अंगात लांडग्याची ऊब. तिला वाचवायचं तर जेकबने तिच्याशेजारी झोपायचं आणि एडवर्डने ते बघत बसायचं. वर एडवर्डला दुसऱ्यांचे विचार ऐकू येतात, म्हणजे जेकबच्या मनात काय चाललंय तेही त्याला रात्रभर ऐकावं लागतं. या प्रसंगातला मत्सर दोघांच्या शरीरांतून आला आहे. तो साध्या दोन मुलांवर कलम करून पाहा, जगणार नाही.

त्याहून चांगलं, आणि दुर्दैवाने कडेला ढकललेलं : लीया क्लिअरवॉटर. सॅम तिचा प्रियकर. तो लांडगा होतो, आणि मग तिची बहिणीसारखी असलेली एमिली दिसताच त्याच्यावर 'इंप्रिंट' होतं. म्हणजे त्या एका व्यक्तीशी तो आपोआप, कायमचा बांधला जातो. इथपर्यंत दुःख माणसांचंच आहे. पण मग लीया स्वतःच लांडगी होते, टोळीतली एकमेव मुलगी. त्या टोळीचा नियम असा की लांडग्याच्या रूपात सगळ्यांना एकमेकांचे विचार ऐकू येतात. ज्याने आपल्याला सोडलं, त्याच्या मनातलं दुसरीबद्दलचं प्रेम तिला रोज आतून ऐकावं लागतं. आणि तिची जखमही सगळ्यांसमोर उघडी. यातून सुटण्याची वाटही लांडग्याच्याच नियमातून निघते. चौथ्या खंडात जेकब वेगळा होतो, त्याची स्वतःची टोळी बनते, दोन टोळ्यांचे विचार एकमेकींना ऐकू जात नाहीत, म्हणून लीया त्याच्याकडे जाते. तिला नवा प्रियकर नको असतो. तिला शांतता हवी असते.

अख्ख्या मालिकेतला सर्वांत अस्सल वेअरवुल्फ त्रिकोण माझ्या मते हाच आहे, आणि त्याच्या वाट्याला थोडीच पानं आली. मुख्य त्रिकोण मात्र जेकबचं बेलाच्या नवजात मुलीवर इंप्रिंट होऊन सुटतो. अद्भुताचा वापर तिथे गाठ कापायला झाला आहे. कुणी काही निवडलं नाही, कुणी काही गमावलं नाही. तुमच्या खर्ड्यात अद्भुत शक्ती पेच वाढवायला येते की मिटवायला, हे प्रत्येक वेळी तपासा. मिटवायला येत असेल तर तो प्रसंग पुन्हा लिहा.

तिसरी पायरी : नियम आधी ठरवा, मुलं नंतर

बहुतेक जण आधी दोन देखणे नायक रंगवतात आणि मग लांडग्याचे नियम त्यांच्या सोयीने बेततात. क्रम उलटा ठेवा. एका कोऱ्या पानावर तीन उत्तरं लिहा : रूप कशाने पालटतं, त्याची किंमत काय, आणि परत माणूस झाल्यावर अंगात काय शिल्लक राहतं.

कशाने पालटतं याचं उत्तर 'पौर्णिमा' असलंच पाहिजे असं नाही. पौर्णिमेचा पक्का नियम आपण समजतो तितका पुरातन नाही; त्याचा मोठा वाटा हॉलिवूडचा आहे. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन' चित्रपटातल्या प्रसिद्ध चार ओळींत नुसता शरदातला चंद्र होता; १९४३ च्या पुढच्या चित्रपटात त्या ओळी बदलून पूर्ण चंद्र आला. मॅगी स्टीफव्हाटर यांच्या २००९ च्या 'शिव्हर' मध्ये चंद्राला काही कामच नाही. तिथे मिनेसोटाची थंडी माणसाला लांडगा करते आणि उन्हाळा परत माणूस. वर्षागणिक माणूस म्हणून मिळणारे दिवस कमी होत जातात आणि एक वर्ष असं येतं की माणूसपण परतत नाही. या एका नियमाने कथेला घड्याळ मिळालं. या कादंबरीतल्या सॅम आणि ग्रेसच्या प्रेमात तिसरा माणूस घालायची गरजच पडली नाही, कारण दाराबाहेर उतरणारा पारा तिसऱ्याचं काम करतो. त्रिकोणाशिवाय ओढ कशी निर्माण होते हे शिकायचं असेल तर त्या नियमाचा अभ्यास करा.

पौर्णिमाच हवी असेल तर ती प्रामाणिकपणे वापरा. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस असतात. भिंतीवरचं कालनिर्णय काढा, कथा ज्या महिन्यांत घडते तिथल्या पौर्णिमांवर खूण करा, आणि परीक्षा, सहल, लग्न, वाढदिवस त्यांच्याभोवती मांडा. कथा अमेरिकेत घडत असली तरी चंद्र तोच आहे, फार तर तारीख एका दिवसाने सरकेल. एवढं केलं की पहिली भेट, पहिलं खोटं आणि पहिला तुटलेला शब्द कुठल्या रात्री येणार हे तुमच्या मर्जीवर राहत नाही. वाचकालाही ते जाणवतं : ही माणसं कशाच्या तरी ताब्यात आहेत.

किंमत लिहिताना हात आखडू नका. 'खूप दुखतं' ही किंमत झाली नाही, कारण दुखणं सकाळी संपतं. प्रत्येक वेळी एखादी आठवण जाते, लहान भाऊ आता जवळ झोपत नाही, बोटांना सतार धरवत नाही, ही किंमत. तिसरं उत्तर, म्हणजे माणूस असतानाचा उरलेला लांडगा, प्रेमकथेला सर्वाधिक उपयोगी. त्याच्याकडे पुढे येतेच.

चौथी पायरी : दोन मुलं म्हणजे दोन आयुष्यं

त्रिकोणाची दोन टोकं स्वभावाने वेगळी असणं पुरेसं नाही. एक गंभीर, एक हसरा. एक शेजारचा, एक नवा. यातून वाचकाला फक्त आवडनिवड करता येते. दोघांपैकी प्रत्येकाला निवडणं म्हणजे लांडग्याशी वेगळं नातं निवडणं असलं पाहिजे.

ॲनेट कर्टिस क्लॉज यांची 'ब्लड अँड चॉकलेट' १९९७ ची आहे, 'ट्वायलाइट'च्या आठ वर्षं आधीची. नायिका व्हिव्हियन स्वतः लांडगी आहे, आणि तिला आपलं ते रूप मनापासून आवडतं. एडन हा माणूस, शाळेतला. त्याने वेअरवुल्फवर कविता लिहिलेली असते, म्हणून तिला वाटतं की हा मला समजून घेईल. ती त्याला आपलं खरं रूप दाखवते आणि तो भयाने गोठतो. गेब्रिएल टोळीतला, ताकदवान, तिला आधी नकोसा. इथे प्रश्न कोण जास्त देखणा हा राहतच नाही. कवितेतला लांडगा आवडणं आणि खोलीत उभा असलेला लांडगा सोसणं यातलं अंतर हाच त्या कादंबरीचा विषय झाला. शेवट सगळ्यांना रुचेल असा नाही, मलाही पूर्ण रुचत नाही, पण बांधणी उत्तम आहे.

तुमच्या दोघांसाठी प्रत्येकी एक वाक्य पूर्ण करा : 'याच्याबरोबर राहिले तर माझ्यातला लांडगा...' एकाच्या बाबतीत उत्तर 'लपून राहील' आणि दुसऱ्याच्या बाबतीत 'मोकळा सुटेल' असं आलं तर सुरुवात बरी झाली. पण तिथेच थांबू नका. लपवण्यातही काही चांगलं असलं पाहिजे, उदाहरणार्थ आई जिवंत राहील. आणि मोकळं सुटण्यातही काही भयंकर. एका बाजूला सगळं सुख ठेवलं की वाचक तिसऱ्याच प्रकरणात निकाल ओळखतो आणि उरलेला वेळ नायिकेवर चिडतो.

दोघा मुलांचं आपापसात काय आहे, हेही ठरवा. ही बाजू नेहमी कच्ची राहते. ते एकाच टोळीतले असतील, एकाने दुसऱ्याला चावलं असेल, एकाच्या बापाने दुसऱ्याच्या काकाला गोळी घातली असेल. नायिका खोलीत नसतानाही त्या दोघांत बोलण्यासारखं काही असलं तर त्रिकोण तिन्ही बाजूंनी उभा राहतो.

पाचवी पायरी : नियतीला निवड करू देऊ नका

'हा तुझा ठरलेला जोडीदार' ही कल्पना वेअरवुल्फ कथांत आता इतकी रुळली आहे की ऑनलाइन मालिकांत ती पहिल्याच भागात येते. लिहिणाऱ्याला तिचा मोह पडतो, कारण तिने ओढ फुकट मिळते. पण ती त्रिकोण मारते. ठरलेलंच असेल तर दुसरा मुलगा निव्वळ वेळकाढूपणा ठरतो, आणि त्याला झुलवणारी नायिका क्रूर दिसते.

मला याहून जास्त सलते ती दुसरी गोष्ट. वाचक तेरा-चौदा वर्षांचेही असतात. 'तुला नको असलं तरी तुझं शरीर त्याचंच आहे' हे वाक्य त्यांच्यापुढे प्रेम म्हणून ठेवताना लेखकाने हजारदा विचार करावा. नियती हवीच असेल तर तिचे हात बांधा. नियतीने नायिकेला एखादी गोष्ट कळू द्यावी : तो कुठे आहे, त्याला कुठे लागलंय. पण पाऊल तिचं तिने उचलावं. नाही म्हणता यावं, आणि नाही म्हणण्याची खरी किंमत असावी. बांधलेपण जाणवूनही दुसरीकडे वळणारी मुलगी ही कथा होऊ शकते. बांधली म्हणून गेली, ही नुसती घटना.

सहावी पायरी : टोळीला घर करा

'अल्फा' हा शब्द सध्या दर पानावर भेटतो. सगळ्यांना दाबून वर चढलेला नर, त्याला मिळणारी मादी. ही कल्पना मुख्यतः कोंडून ठेवलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांचा १९४७ चा अभ्यास बंदिस्त लांडग्यांवरचाच होता. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली, आणि पुढे जंगलातल्या टोळ्या जवळून पाहिल्यावर याच मेक यांनी १९९९ च्या शोधनिबंधात ती खोडली. रानातली टोळी बहुधा कुटुंब असते : आई, बाप आणि त्यांची वर्षा-दोन वर्षांची पोरं. पुढारी म्हणजे आईबाप. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं, अशी मागणी मेक यांनी स्वतः प्रकाशकाकडे केली.

यंग ॲडल्ट लिहिणाऱ्याला हे घबाड आहे. लांडग्याची पोरं साधारण एक ते तीन वर्षांची झाली की घर सोडतात, एकटी दूरवर भटकतात, जोडीदार आणि स्वतःचा मुलूख शोधतात. वाटेत पुष्कळ मरतातही. याहून नेमकं बारावीनंतरचं वर्ष कुठे सापडणार? आता दोन मुलांमधली निवड ही घर सोडायचं की राहायचं, या मोठ्या प्रश्नाचा भाग होते. आई अडवते, धाकटा भाऊ मागे मागे येतो, बापाला आपला मुलूख आक्रसताना दिसतो. प्रेमातला दुरावा तसाच राहतो, पण त्याच्या भोवती माणसं येतात.

कधी कधी मुलांची गरजच नसते. कॅनडाच्या 'जिंजर स्नॅप्स' या २००० सालच्या चित्रपटात सगळा ताण दोन बहिणींमधला आहे. थोरलीला लांडगा चावतो त्याच सुमाराला तिची पाळी सुरू होते, आणि धाकटी तिला हातातून निसटताना बघते. वयात येण्याची भीती आणि लांडगा यांची इतकी घट्ट गाठ फार कमी ठिकाणी बसली आहे.

सातवी पायरी : प्रेमाचा प्रसंग लांडग्याच्या नाकाने लिहा

मघाशी 'उरलेला लांडगा' म्हटलं, तो इथे कामाला येतो. बहुतेक खर्ड्यांत नायिका रूपांतराच्या प्रसंगात लांडगी असते आणि प्रेमाच्या प्रसंगात साधी कॉलेजकन्या. त्यामुळे ही दोन वेगवेगळी पुस्तकं वाटतात. एक नमुना देते. नायिका रेवा, सतरा वर्षांची, माळरानाच्या कडेच्या गावातली. समीर वर्गातला, अभय तिच्यासारखाच, रूप पालटणारा. नेहमीचा खर्डा असा असतो :

'समीरने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत दुखावल्याची छटा होती. मागे अभय भिंतीला टेकून उभा होता, ओठांवर तेच हसू. रेवाचं काळीज धडधडलं. कुणाचा हात धरावा, तिला कळेना.'

आता तोच क्षण, नाकाने :

'समीर वळणावर दिसायच्या आधीच रेवाला तो कळला. इस्त्रीचा शर्ट, खोबरेल, आणि त्याखाली काहीतरी आंबूस, धारदार. भीती. तो हसत होता, "बरी आहेस ना?" विचारत होता आणि त्याच्या अंगाला भीतीचा वास येत होता. म्हणजे काल रात्री गोठ्यापाशी त्याने पाहिलं होतं. अभय भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या अंगाला तो वास कधीच येत नसे. त्याच्याजवळ गेलं की तिच्या मानेवरचे केस आपोआप खाली बसत. ती समीरकडे चालत गेली. घाबरूनही तो आला होता.'

दुसऱ्या उताऱ्यात ती काय आहे हे विसरताच येत नाही, आणि निवडीचं कारणही त्यातूनच निघालं. असं लिहिताना खऱ्या प्राण्याची माहिती जवळ ठेवा. कुत्र्यासारखंच लांडग्यालाही लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. तेव्हा लांडग्याच्या डोळ्यांनी पाहताना तिची लाल ओढणी लाल दिसणार नाही. अंधारात मात्र त्याला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. एका रात्रीत तो वीस-तीस किलोमीटर सहज कापतो, म्हणजे शेजारच्या गावात राहणारा मुलगा त्याच्यासाठी दूर नसतोच. प्रत्येक प्रेमप्रसंगात अशी निदान एक जाणीव घाला, जी साध्या माणसाला झालीच नसती.

आठवी पायरी : प्रसंगांची वही

खर्डा पूर्ण झाल्यावर हे काम करा, आधी नको. वहीत तीन रकाने पाडा. प्रत्येक प्रसंगासाठी पहिल्या रकान्यात लांडग्याच्या बाबतीत काय बदललं, दुसऱ्यात प्रेमाच्या बाबतीत काय बदललं, तिसऱ्यात यातल्या एकाने दुसरं कसं घडवलं. तिसरा रकाना सलग चार-पाच प्रसंगांत रिकामा दिसला तर तिथेच कथा दुभंगली आहे. त्या पट्ट्यात नवीन प्रसंग कोंबू नका. असलेल्या दोन प्रसंगांना एकत्र करा : जे भांडण कॅन्टीनमध्ये होतं ते रूप पालटायला अर्धा तास उरला असताना होऊ द्या, जी कबुली गच्चीवर येते ती रक्ताळलेला शर्ट धुताना येऊ द्या. पानं आपोआप कमी होतील.

याच वहीत विचारांचे परिच्छेदही मोजा. 'तो की हा' असा घोळ नायिका मनात घालते ते उतारे खर्ड्यात फार वाढतात. एकदा पुरे. दुसऱ्यांदा ती घोळली, तर मधल्या काळात काहीतरी नवं कळलेलं असलं पाहिजे.

दुसऱ्यांच्या श्रद्धा उसन्या घेताना

हे पायऱ्यांच्या क्रमात बसत नाही, पण सोडता येत नाही. 'ट्वायलाइट'मधली टोळी क्विल्यूट लोकांची दाखवली आहे. ते खरे लोक आहेत, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ला पुश इथे राहतात. त्यांच्या परंपरेत असं सांगतात की क्वाटी या फिरत्या शक्तीने लांडग्यांपासून त्यांना माणसं केलं. इंप्रिंट वगैरे त्यांच्यात काही नाही. ती कादंबरीची भर. पुस्तकांमुळे जगभरचे चाहते ला पुशला पोचले, आणि सिएटलच्या बर्क संग्रहालयाला क्विल्यूट लोकांच्या सहभागाने कादंबरी आणि वास्तव यांतला फरक मांडणारा उपक्रम करावा लागला. हे लोक त्सुनामीच्या टापूत राहतात, आणि उंचावर हलायला जमीन मिळावी म्हणून त्यांनी दिलेल्या लढ्याला २०१२ मध्ये कायद्याने यश आलं. हे चाहत्यांपैकी किती जणांच्या कानी गेलं असेल? एखाद्या समाजाचं पूर्वजांशी असलेलं नातं आपण प्रेमकथेचं नेपथ्य करतो, तेव्हा त्या समाजाचं स्वतःचं बोलणं आधी ऐकावं.

आपल्याकडे लिहितानाही हेच. महाराष्ट्राच्या माळरानांवर, सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या गवताळ भागात, भारतीय लांडगा अजून आहे. तो बर्फाळ देशांतल्या लांडग्यापेक्षा अंगाने बारीक, दाट जंगलापेक्षा उघड्या गवतात वावरणारा. मेंढरं राखणाऱ्या धनगरांना तो रोजचा. कथा इथे घडवायची तर पाइनची झाडं आणि धुकं आणू नका. मेंढरं कोंडायची जाळी (वाघर), रात्रीची राखण यांची माहिती धनगरांकडून घ्या, आणि कोकरू गेल्याचं नुकसान कथेतही नुकसानच राहू द्या.

शेवट लिहिताना

दोन शेवट वेगळे लिहायची सवय मोडा. सहसा आधी मोठी लढाई होते आणि मग एका शांत प्रकरणात नायिका कुणाला तरी हो म्हणते. तोवर लांडगा कथेतून गेलेला असतो. दोन्ही निर्णय एकाच प्रसंगात आणा, आणि लांडग्याचा निर्णय आधी होऊ द्या : ती रूप ठेवणार की सोडणार, टोळीत राहणार की निघणार. कुणाबरोबर, हे त्याच्या मागोमाग आलं पाहिजे, बहुतेक वेळा एका वाक्यात. ती दोघांनाही नाकारून निघाली तरी चालेल. मात्र मग त्या नकाराची किंमत आधीच्या प्रकरणांत पेरलेली हवी, नाहीतर ती पळवाट वाटते.

शेवटचं प्रकरण झालं की पहिल्या पायरीतला सारांश नव्याने लिहा, आता प्रत्यक्ष लिहून झालेल्या कथेचा. पुन्हा लांडगा खोडा. मग हा खोडलेला सारांश तुमची कथा न वाचलेल्या मित्राला द्या आणि विचारा, 'हिची अडचण काय आहे?' त्याने दोन मुलांची नावं घेतली, तर कुठली प्रकरणं परत उघडायची ते वहीतला तिसरा रकाना सांगेल.